ओली जागा

परसातल्या विजेच्या खांबावर
मूठभर चिखलापासून सुरुवात झाली.
ताकुआरेम्बो इथे संपतं. आमच्या कुंपणापलीकडे
गुरं, तार, आणि पुन्हा गुरं.

विल्मारने खुर्ची बाहेर काढली.
चाळीस वर्षं विटा रचल्या त्याने,
या गावातली निम्मी घरं ओळंब्याने सरळ उभी केली.
आता उजवा हात ऐकत नाही,
मातेचा भोपळा ओठापाशी येईस्तोवर
निम्मा त्याच्या सदऱ्यावर.

"पाया चुकलाय," पहिल्याच दिवशी म्हणाला.
"दार दक्षिणेला येणार. थंडीने मरतील."
ओर्नेरो काही बोलला नाही.
नर कोण, मादी कोण, आम्हाला कधीच कळलं नाही.
चिखल दोघंही आणतात,
थापून झाला की समोरासमोर उभं राहून
दोघंही खांब हलेल असं ओरडतात.
दहाव्या दिवशी भिंत वळली. दार उत्तरेला.
विल्मारने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
हे त्याने मला सांगितलं नाही,
मी भांडी विसळत होते, खिडकीतून दिसलं.

लोक म्हणतात, ओर्नेरो रविवारी काम करत नाही.
आमचा करत होता.
तीन रविवार विल्मारने पाहिलं,
कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन सांगितलं.
कुणी मानलं नाही.
तो चिडून पाव न घेताच परत आला.

मग पाऊस गेला. पाच आठवडे.
घर अर्धंच, फुटक्या वाडग्यासारखं,
आणि काठावर बसलेला तो
आभाळाकडे नाही, आमच्या नळाकडे बघायचा.

विल्मारने बादलीत माती कालवली.
दोन्या इर्माच्या घोडीचं शेण, बारीक कापलेला पेंढा,
डाव्या हाताने अर्धा तास.
फळीवर पसरून ठेवली, लग्नाच्या केकसारखी.
पक्षी आला, ऐटीत चालत फळीला एक फेरी मारली,
आणि माझ्या मोरीच्या तोंडाशी जाऊन
तिथला काळा, साबणाच्या वासाचा गाळ
चोचीत भरून घेऊन गेला.
त्या दिवशी विल्मार जेवला नाही नीट.
दुसऱ्या दिवशी रबरी नळी मोकळ्या जमिनीवर सोडलेली.
"टोमॅटोला पाणी घालतोय."
टोमॅटो घराच्या दुसऱ्या बाजूला आहेत.

त्याच आठवड्यात लागार्तो आला,
घोरपडीएवढा, ठिपक्याठिपक्यांचा.
कुंपणाजवळ उघड्या गवतात तेरोंची चार अंडी.
तेरो डोक्यावरून झेपा घेत होते,
विल्मारने वीट उचलली,
हात थरथरला, वीट बादलीला लागली.
लागार्तोला काही घाई नव्हती.
दोन खाल्ली, जीभ फिरवली, लिंबाखाली गेला.
संध्याकाळी तेरो मादी उरलेल्या दोनांवर
पुन्हा बसली, जरा सरकून,
जशी मी वॉशिंग्टन स्पेनला गेल्यावर
टेबलाच्या मधोमध बसायला लागले.

खांबावरचं घर पुरं झालं तेव्हा
विल्मारने मला आतली खोली समजावली.
पावाचा तुकडा म्हणजे बाहेरची भिंत,
मिठाची बाटली म्हणजे आडवी भिंत,
तिच्यामागे अंडी.
"वारा इथवर येतो, आणि इथे थांबतो. बघ!
ओळंबा नाही, पट्टी नाही."
हात टेबलावर होता. स्थिर नव्हता,
पण त्याला तेव्हा त्याची आठवण नव्हती.

परवा रात्री पाऊस पडला, चांगला बदाबदा.
काल मी उठले तर पलंग रिकामा,
बाहेर नळी चालू, सगळं आधीच ओलं असताना.
मी दार उघडलं नाही.

मोरीजवळची ओल पाच आठवडे
आपोआप टिकली होती असं त्याला वाटतं.
रोज दुपारी तो झोपला की
दोन तांबे.
साबण घालूनच, म्हणजे शंका नको.